पश्चिमेची खिडकी

आमच्या रत्नागिरीकडच्या घराला खिडक्या बऱ्याच आहेत, पण स्वभाव म्हणावा असा एकीलाच. ती पश्चिमेची. सागवानी चौकट, लोखंडी गज आणि चार झडपं: वर दोन, खाली दोन. वरच्यांना वळचणीचा आडोसा, त्यामुळे ती बारा महिने प्रसन्न. खालच्यांच्या वाट्याला नैर्ऋत्येची झड आणि पागोळ्यांचे शिंतोडे. तक्रारी सगळ्या तिथल्याच.

आषाढ लागला की बाई फुगून बसते. लाकूड ओल पितं तेव्हा लांबीला जवळपास वाढतच नाही. वाढतं ते रुंदीला. त्यातही ओंडका कसा चिरलाय त्यावर बरंच ठरतं. गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या उभ्या चिरेची फळी जेवढी फुगते, त्याच्या साधारण दुप्पट फुगते ती ओंडक्याच्या कडेने सरळ फाडून काढलेली. खालचं उजवं झडप पहिल्या घराण्यातलं, डावं दुसऱ्या. म्हणून उजवं श्रावणातही मुकाट लागतं आणि डाव्याला बुक्की मारावी लागते.

अशा वेळी घरातला एखादा उत्साही पुरुष रंधा शोधू लागतो. त्याला आवरावं. पावसात कड तासली की झडप तेवढ्यापुरतं छान लागतं, सगळे खूश होतात, आणि वैशाखात त्याच फटीतून अंगणातली कोंबडी दिसते. गावच्या सुताराचं म्हणणं एवढंच असतं, "आत्ता हात लावू नका. दिवाळी होऊ दे, मग बघू." दिवाळीनंतर बघायला जावं तर बऱ्याचदा बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

पावसापेक्षा तिचं खरं वाकडं आहे ते रंगाऱ्याशी. झडपातला दिल्हा खोबणीत मोकळा बसवलेला असतो. ऋतूप्रमाणे त्याने थोडं अंग चोरावं, थोडं पसरावं, म्हणून. रंगारी त्या फटीत लांबी भरतो आणि वर ऑइलपेंटचे दोन हात मारतो. दिसायला झकास. मग उन्हाळ्यात दिल्ह्याला आक्रसायला जागा उरत नाही आणि तो मधोमध तडकतो. खालची कड मात्र कोरीच राहते. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच असतात, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी ओढतं ते याच टोकांतून. पण ती कड रंगवायची तर झडप उतरवावं लागतं! मला विचाराल तर दर्शनी बाजू एखादं वर्ष तशीच राहिली तरी चालेल, ती कड सोडू नये.

आम्ही रंगाचा नाद सोडला. मे महिन्यात तिला थोडं टर्पेंटाइन घातलेलं बेलतेल मिळतं. फडक्याने चोळायचं आणि वर उरलेलं थोड्या वेळाने पुसून काढायचं. फार माया दाखवली तर तेल चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. हे तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात कोंडलेल्या उष्णतेने फडकं आपोआप पेटू शकतं. ती दोरीवर पसरून वाळवावीत.

सागाचा गाभा वाळवीला सहसा रुचत नाही. पण डाव्या झडपाच्या एका पट्टीत कुणा काटकसरी हाताने बाहेरचं फिकट लाकूड खपवलंय. किडीने नेमकं तेवढंच पोखरलं. गजांखाली पिठासारखा भुसा पडतो.

मुंबईहून येणारे नातेवाईक दरवेळी सरकत्या ॲल्युमिनिअमची शिफारस करतात. ती फुगत नाही हे खरंच. पण एका वेळी उघडते निम्मीच. आम्ही ऐकून घेतो. यंदा ती पट्टी बदलायची आहे आणि खाली खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली लोखंडी बिजागरीही. पितळी घेऊ, स्क्रूसुद्धा पितळीच. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारणारी माणसं मी पाहिली आहेत; त्यांच्याशी वाद घालत नाही.