आक्कांची मशेरीची डबी

म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला आमच्या मुरबाडचा शेतकरी आधी बैलाचा जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे पाहिल्यावाचून तो कनवटीला हात घालत नाही. घरातल्या माणसाच्या तोंडात मात्र कोणी डोकावत नाही. त्यातून ते बाईचे तोंड असले, तर विचारूच नका.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, माहेरच्या शहापूर तालुक्यातल्या, डोळखांबकडच्या. भातलावणीच्या वेळी त्यांची गाणी ऐकत कंबरेचा काटा विसरावा. पण काही वर्षांपूर्वी त्या रांगेच्या अगदी टोकाला जाऊन लावू लागल्या आणि गाणे बंद झाले. बोलताना तोंडावर पदर. नातवाने एकदा नाक मुरडले, तेव्हापासून त्याला मांडीवर घेईनात. तोंडाला वास येतो हे साऱ्या घराला ठाऊक, पण सांगणार कोण? सासूबाईंनी निदान केले, "पोटातली उष्णता, दुसरं काय नाय." मग एरंडेल झाले, त्रिफळा झाला, सोमवारच्या जोडीला गुरुवारचा उपास आला. वास वाढतच गेला.

उपासाने तो वाढणारच! असा वास पोटातून क्वचितच येतो. कधी नाक, टॉन्सिल किंवा मधुमेह कारण असतो. पण बहुतेकांच्या बाबतीत तो तोंडातल्या जंतूंचाच उद्योग. हॉलंडमधल्या लेव्हेनहुक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने १६८३ साली, स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिलेली, दातांच्या फटीतल्या मळातली वळवळ लिहून कळवली होती. जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या कडेखाली हवा पोचत नाही. उकिरड्याच्या तळाशी जसे कुजते, तसेच तिथे अन्नाचे कण आणि तोंडाच्या आतली झडलेली कातडी जंतू कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू सुटतात. कुजक्या अंड्याला येतो तो वास त्यातलाच. लाळ हे सारे धुऊन नेत असते. झोपेत, उपासात, किंवा दिवसभर पाणी न पिता राबल्यावर ती आटते आणि जंतूंचे फावते. म्हणून सकाळी उठल्यावर तुमच्याआमच्या सर्वांच्याच तोंडाला वास असतो.

शेवटी मीच आक्कांना भाताच्या पेंढ्याच्या गाडीत बसवून दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "मशेरी किती वेळा?" आक्का म्हणाल्या, "तीनदा." मी म्हटले, "पाचदा." तव्यावर जाळलेली तंबाखू ती. हिरड्या बधिर होतात म्हणून दात स्वच्छ झाल्यासारखे वाटतात, पण हिरड्या मागे सरतात आणि पुढे कर्करोगाची भीती. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारने १९९२ साली बंदी आणली. घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

दातांवरचे किटण काढले, दोन हलणारे दात उपटले. जीभ रोज मागपर्यंत, पण हलक्या हाताने खरवडायला सांगितली. यात नवे काही नाही. आमचे आजोबा करंजाची काडी चावून झाली की मधोमध चिरून जीभ साफ करीत. काडी गेली, ब्रश आला, जीभ तेवढी राहून गेली. लवंग चघळून वास झाकतो, जंतू जागेवरच राहतात.

महिन्याभरात वास पुष्कळ कमी झाला. मशेरी सुटणे मात्र सोपे नव्हते. डोके दुखे, चिडचिड होई, भांडी आपटली जात. यंदा लावणीला आक्का रांगेच्या मधोमध होत्या. डबी अजून फडताळात आहे. विचारले तर म्हणतात, "पाहुण्यांसाठी ठेवलीय गं." पाहुणे आले की मी डबीवर नजर ठेवते.