पारा आणि कुंचा



परवा कपाट आवरताना जुना काचेचा थर्मामीटर हातातून सुटला. फरशीवर पाऱ्याचे चंदेरी थेंब धावू लागले. जीव जपायला ठेवलेला मऊ कुंचा मी सवयीने उचलला, तोच सूनबाई दारातून म्हणाली, "आई, झाडू नका, पारा आणखी पसरेल." तिला सहावा महिना आहे.

तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं. पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. पारा सोन्याला धरतो, म्हणून बांगड्या काढल्या. जाड कागदाने थेंब गोळा करून बरणीत घट्ट बंद केले. पारा साध्या हवेतही उडतो. ती वाफ श्वासातून आईच्या रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जाते.

आपण मासे खात नाही, म्हणून मी निर्धास्त होते. जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ साली उघडकीस आला. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून लोकांच्या पोटात गेला होता. कित्येक आया वरवर धडधाकट, पण बाळं मेंदूला इजा घेऊनच जन्मली. त्यांची वाढ खुंटली, चालणं-बोलणं अडलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून वेगळंच विचारलं, "गोरेपणाची क्रीम लावता का?" काही क्रीममध्ये पारा असतो म्हणे. घटकांची नावं नसलेली ती डबी मीच हौसेने तिला आणून दिली होती. ती त्याच दिवशी बंद केली. आता तपासणीच्या अहवालाची वाट पाहतोय.

रात्री तिला म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्."

ती हसली, "आई, संवत्सरीला अजून अवकाश आहे."