सहा खांबांचें गांव

अमेरिकेचा प्रवास करून आलेल्या माणसानें नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारती यांचें वर्णन करावें, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या प्रघाताला सोडून मी आज मिसूरी राज्यांतील कोलंबिया नांवाच्या एका विद्यापीठाच्या गांवाविषयीं लिहिणार आहें. तेथें मी दोनदां गेलें. एकदां २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२३ च्या मे महिन्यांत. पहिल्या खेपेस भाचीला शिक्षणासाठीं पोंचवावयास गेलें होतें. दुसऱ्या खेपेस तिला घरीं परत आणूं, अशा समजुतीनें आम्ही गेलों होतों.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सी राज्यांतील एडिसन या गांवीं बरींच वर्षें स्थायिक आहे. त्याची एकुलती एक मुलगी लहानपणापासून मुक्या जनावरांची वेडी. पंख मोडलेला पक्षी, शेजाऱ्यांचें लंगडें मांजर, असे पाहुणे त्या घरीं नेहमींचे. तिनें पशुवैद्य व्हावयाचें ठरविलें तेव्हां भावाच्या कपाळाला प्रथम आठीच पडली. “एवढी शिकून गुरांची डॉक्टर होणार?” असा त्याचा प्रश्न. मुंबईस परळ येथें १८८६ सालापासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे, हें आपल्या पांढरपेशा घरांत पुष्कळांच्या गांवींही नसतें. पण मुलीचा निश्चय पाहून ती आठी लवकरच मावळली. खरी अडचण प्रतिष्ठेची नव्हतीच. ती पैशाची होती.

अमेरिकेंत राज्यें पन्नास. पण पशुवैद्यक महाविद्यालयें तिसांच्या थोडींच वर, आणि कित्येक राज्यांत एकही नाहीं. न्यू जर्सींतही त्या वेळीं एकही नव्हतें. १८६२ सालच्या मॉरिल कायद्यानें केंद्र सरकारनें राज्यांना जमिनी दिल्या; त्यांच्या उत्पन्नांतून शेतकी आणि यंत्रविद्या शिकविणारीं विद्यालयें उभीं राहिलीं, आणि पुढें बहुतेक ठिकाणीं त्यांच्याच अंगणांत पशुवैद्यक वाढलें. आयोवा राज्यानें आपलें विद्यालय १८७९ सालीं काढलें. सरकारी विद्यालयांत तें पहिलें. ज्या राज्याचे करदाते विद्यालयाचा भार वाहतात त्यांच्या मुलांना फी कमी आणि बाहेरून आलेल्यांना जास्त, असा तेथील शिरस्ता आहे. त्यांत अन्याय आहे असें मला वाटत नाहीं. परंतु ज्याच्या राज्यांत विद्यालयच नाहीं त्यानें जावें कोठें? मिसूरींत हा फरक दुपटीहून अधिक होता. भावानें चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडला आणि राहतें घर गहाण टाकण्यापर्यंत गोष्ट आली. मुलीनें तो कागद दुमडून ठेवला व म्हणाली, “बाबा, घर तुमचें आणि आईचें आहे. कर्ज माझ्या नांवावर निघेल. तुम्ही मला फक्त पोंचवा.”

मिसूरीच निवडण्यास एक कारण होतें. तेथें पहिल्या वर्षीं परराज्याची फी भरून, बारा महिने तेथेंच राहून आणि स्वतः थोडीफार कमाई करून विद्यार्थ्याला राज्याचा रहिवासी होतां येतें. मग पुढील तीन वर्षें त्याला घरच्या मुलांचीच फी लागते. ओहायोंतही अशी सवड आहे. पुष्कळ राज्यांत मात्र पहिल्या दिवशीं जो परका तो चारी वर्षें परकाच.

एडिसनहून कोलंबिया हजारावर मैल. मोटारींत पुस्तकें, अंथरूण, प्रेशर कुकर आणि भावजयीनें करून दिलेल्या दशम्या. पेनसिल्व्हानियांतील डोंगर आणि त्यांच्या पोटांतून काढलेले बोगदे ओलांडतांना कोंकणांत उतरणाऱ्या आगगाडीची आठवण झाली. रात्रीं ओहायोंतील कोलंबस येथें मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीं मात्र डोंगर संपले, आणि इंडियाना व इलिनॉय या राज्यांत तासन्‌तास रस्त्याच्या दोहों अंगांना मका आणि सोयाबीन यांवांचून दुसरें कांहींच दिसेना. सेंट लुईस येथें मिसिसिपी ओलांडली. तिच्या कांठीं १९६५ सालीं पुरी झालेली पोलादी कमान आहे. उंची ६३० फूट. तिच्याकडे बोट करून भाची म्हणाली, “आत्या, हें पश्चिमेचें दार.” भाऊ मोटार हांकीत होता, त्यानें मान वर केली नाहीं. दोन दिवस तो फार थोडें बोलला होता.

कोलंबिया येथून सव्वाशें मैलांवर. गांवाच्या मध्यभागीं विद्यापीठाचें विस्तीर्ण हिरवें चौक-अंगण आहे आणि त्यांत सहा उंच दगडी खांब एका रांगेंत उभे आहेत. त्यांवर छप्पर नाहीं, मागें भिंत नाहीं. मिसिसिपीच्या पश्चिमेस पहिलें सरकारी विद्यापीठ निघावयाचें होतें, तेव्हां तें आपल्याच गांवीं यावें म्हणून या परगण्यांतील लोकांनीं १८३९ सालीं वर्गणी केली. रोख आणि जमीन मिळून ती एक लाख सतरा हजार डॉलरांच्या वर गेली. त्यांतील पुष्कळसे शेतकरी होते. पुढें १८९२ सालीं मुख्य इमारत आगींत भस्म झाली, उरले ते हे सहा खांब. विद्यापीठ दुसऱ्या गांवीं हलविण्याची खटपटही झाली. पण गांवकऱ्यांनीं तें जाऊं दिलें नाहीं. नवे विद्यार्थी येतात तेव्हां या खांबांमधून विद्यापीठाच्या मुख्य इमारतीकडे चालत जातात, आणि पदवी घेऊन निघतांना त्याच खांबांमधून उलट दिशेनें गांवाकडे येतात, अशी तेथील प्रथा आहे.

पशुवैद्यक महाविद्यालय १९४६ सालीं स्थापन झालें. तेथें खेचरांची एक डौलदार जोडी पाळली आहे. मिसूरीचीं खेचरें एके काळीं फार नांवाजलेलीं, आणि १९९५ सालीं तर खेचर हा राज्याचा प्राणी म्हणून ठरविला गेला. भाची त्यांच्या मानेवरून हात फिरवीत उभी राहिली, आणि दोन दिवसांत प्रथमच भावाच्या चेहऱ्यावर हंसूं दिसलें.

तें फार वेळ टिकलें नाहीं. रहिवासी होण्यासाठीं काय काय लागतें, तें कचेरींतील बाईंनीं अगत्यानें समजावून सांगितलें. मोटार चालविण्याचा परवाना येथला घ्यावयाचा. मतदारांच्या यादींत नांव येथें घालावयाचें. कर येथें भरावयाचा. आणि वडिलांच्या प्राप्तिकराच्या पत्रकांत मुलीचें नांव आश्रित म्हणून असतां कामा नये. भावानें हें शेवटचें पुन्हां विचारून घेतलें. मुलगी सासरीं जाते तेव्हां आपल्याकडेही तिचें नांव एका घरांतून दुसऱ्या घरांत जातें. पण तें वाजतगाजत, अक्षता टाकून. येथें पत्रकांतला एक चौकोन रिकामा ठेवला कीं झालें.

रात्रीं तिच्या भाड्याच्या खोलींत जमिनीवर बसून आम्ही दशम्या आणि दाण्याची चटणी खाल्ली. भाऊ म्हणाला, “फीच्या चार पैशांसाठीं पोरीचें नांव घरांतून काढावयाचें?”

“पत्रकांतून, बाबा. घरांतून नव्हे,” ती म्हणाली.

मला त्या वेळीं आमचे आजोबा आठवले. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांतून ते पुण्यास शिकावयास आले आणि वार लावून जेवले. सात दिवस, सात घरें. एका घरचा वार मधूनमधून चुके. त्या दिवशीं ते उपास करीत. म्हातारपणीं त्यांना नातवंडांचीं नांवें आठवेनाशीं झालीं, तरी तीं सात घरें सोमवारपासून रविवारपर्यंत ते बिनचूक सांगत. मात्र पुण्याचे झाले ते पुण्याचेच. गांवीं जात ते सणासुदीला. राहावयास कधीं परत गेले नाहींत. पणजी दर उन्हाळ्यांत त्यांच्या वांट्याचे आंबे आढींत राखून ठेवी, आणि कित्येकदां ते तेथेंच उतरून जात. ही हकीकत मीं सांगितली. भाऊ ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे ही परत येणार नाहीं, असेंच ना?” मजजवळ उत्तर नव्हतें.

तें पहिलें वर्ष कठीण गेलें. भाची शनिवार-रविवार कुत्र्यांच्या एका वसतिगृहांत काम करी. पिंजरे धुणें, खाणें घालणें, रात्रीबेरात्रीं उठून पाहणें. त्या कमाईची पावती न्‌ पावती ती जपून ठेवी. पुढें २०२० च्या मार्चांत महामारी आली आणि वर्ग बंद होऊन शिकवणें घरबसल्या सुरू झालें. भावानें तिला परत बोलाविलें. “फीचें मी पाहतों, तूं ये,” असें तो निक्षून म्हणाला. ती गेली नाहीं. बारा महिने पुरे व्हावयास थोडेच उरले होते, आणि मधेंच निघून गेल्यास केलेलें सारें पाण्यांत जाईल, अशी तिला धास्ती वाटत होती.

एप्रिलांत भावजयीला त्या तापानें गांठलें. न्यू जर्सींत त्या दिवसांत हाहाकार उडालेला. भावजयीनें नवऱ्याला शपथ घातली आणि आठ दिवस मुलीला कांहीं कळूं दिलें नाहीं. कळलें तर ती एकटी हजार मैल मोटार हांकीत येईल, हें भय. घसा बसला आहे म्हणून ती फोनवर येत नसे. ती बरी झाल्यावर मुलीला खरें कळलें. पुण्यास मला फोन करून ती कितीतरी वेळ नुसती रडली. शेवटीं म्हणाली, “आत्या, त्यांनीं माझ्याकरितां माझ्यापासूनच लपविलें. मी कसली रहिवासी होतें आहें?” फीच्या हिशेबांत ही रक्कम आम्हीं कोणींच मांडली नव्हती.

ऑगस्टांत तिचा अर्ज मंजूर झाला. भावानें मला फोनवर नव्या फीचा आंकडा वाचून दाखविला. आंकडा खरोखरच निम्म्याहून खालीं आला होता. मग तो जरा थांबून म्हणाला, “आपली मुलगी आजपासून मिसूरीची.”

२०२३ च्या मे महिन्यांत ती पदवीधर झाली. आम्ही सर्व गेलों होतों. समारंभानंतर ती आईचा हात धरून त्या सहा खांबांमधून गांवाच्या दिशेनें चालत आली. तेव्हांच तिनें सांगितलें कीं मिसूरींतीलच एका खेड्यांत गाईगुरांच्या दवाखान्यांत तिनें नोकरी धरली आहे. तिकडे खेड्यांत गुरांचे डॉक्टर मिळत नाहींत. अशा टंचाईच्या भागांत तीन वर्षें काम करण्यास निवडलेल्यांच्या कर्जाचा कांहीं भाग केंद्र सरकार फेडतें, आणि तिलाही तसा अर्ज करावयाचा होता. पण कारण तेवढेंच नव्हतें. ती म्हणाली, “बाबा, इथल्या लोकांच्या करावर मी तीन वर्षें शिकलें. त्यांच्या गाईंना डॉक्टर नाहीं.” भाऊ यावर कांहीं बोलला नाहीं, त्यानें खिशांतून रुमाल काढून चष्मा पुसला.

ज्यांच्या मुलांना या वाटेनें जावयाचें असेल त्यांनीं हिशेब आधीं करावा, एवढें सांगणें माझें कर्तव्य आहे. तेथें ही पदवी घेणाऱ्याच्या डोक्यावर सरासरीनें दीड लाख डॉलरांहून अधिक कर्ज असतें. शिवाय २०२५ सालच्या कायद्यानें केंद्र सरकारच्या कर्जावर मर्यादा घातली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्यानें कर्ज काढणाऱ्या अशा विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, याहून अधिक नाहीं. म्हणून कोणतें राज्य परक्याला केव्हां आपला म्हणतें, तें प्रवेशापूर्वींच विचारून घ्यावें. आणि जें राज्य आपला म्हणतें तें आपल्या मुलाला थोडें ठेवूनही घेतें, हेंही मनांत धरावें.

२०२५ च्या शरदांत न्यू जर्सींत पहिलें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. भावाचा फोन आला, “आणखी कांहीं वर्षें थांबली असती तर घरून जाऊन शिकली असती.” मीं म्हटलें, “आजोबाही असेच थांबले असते तर?” तो हंसला, पण मोकळेपणानें नव्हे.

भावजय मात्र आमच्या पणजीहून शहाणी निघाली. आपल्याकडचा हापूस तिकडच्या बाजारांत येतो. तिनें एक पेटी घेतली, पण मुलीच्या वाटेकडे डोळे लावून ती राखीत बसली नाहीं. पेटी मोटारींत घालून तीं दोघें हजार मैल गेलीं. पोंचलीं तेव्हां भाची गोठ्यांत होती. एक गाय अडली होती. हात धुऊन यावयास तिला दोन तास लागले. तोंवर आईनें आमरस काढून ठेवला होता.