फोटो क्रमांक सात

"फोटो बरे आसात, पूण कितें तरी उणें दिसता."

गेली बारा वर्षे मी गोव्यातल्या घरांचे फोटो काढतो आहे आणि घरे विकणाऱ्या एजंटांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की, फोन वाजला की मीच ते आधी मनात म्हणून टाकतो. उणे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मग मी चाचपडत बसतो. आभाळ जरा निळे करतो, भिंती उजळतो, माडांना आणखी हिरवे करतो. बिचारे माड!

हळदोण्याच्या एका घराचे असेच झाले. ऐन जुलैत, पाऊस कोसळत असताना, मी फोंड्याहून दोनदा तिथे गेलो आणि अख्खे घर पुन्हा काढले. नंतर एजंट सहज बोलून गेला की, येणारा प्रत्येक जण गाडी दारापर्यंत जाते का हे विचारतो. म्हणजे त्याला हवा होता वाटेचा एक फोटो! दोन मिनिटांचे काम. त्याला वाटत होते, फोटोविषयी बोलायचे तर प्रकाश, रंग असे काहीतरी बोलावे लागते, आणि ते त्याला येत नव्हते. पण त्याच्याकडे जे असते ते माझ्याकडे कधीच नसते. गिऱ्हाईक पहिल्यांदा दारात उभे राहते तेव्हा तो तिथे असतो, मी नसतो.

हे मला कळले ते मडगावच्या एका एजंटबाईंमुळे. फोटोग्राफीतले त्यांना काही कळत नाही, असे त्याच सांगतात. पण घर दाखवून आल्या की त्याच संध्याकाळी त्यांचा निरोप येतो, फोटोच्या क्रमांकासह. पहिला निरोप मला अजून आठवतो : "क्रमांक सात. खोलीत शिरल्यावर ते म्हणाले, फोटोत मोठी वाटली होती. नंतर गप्पच झाले."

बस, एवढेच. बरे-वाईट काही नाही. मी सातवा फोटो उघडून पाहिला. सोळा मिलिमीटरची लेन्स लावून मी कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो होतो. एवढ्या रुंद लेन्सने जवळचा पलंग लांबतो, समोरची भिंत दूर पळते आणि दहा फुटांची खोली दिवाणखाना होऊन बसते. एजंटांना ते आवडते, म्हणून मी तसे काढत होतो. त्या दिवसापासून खोल्यांसाठी मी चोवीसच्या खाली सहसा जात नाही आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवतो. खोली जेवढी आहे तेवढीच दिसते. कमी लोक येतात म्हणे, पण आलेले गप्प होत नाहीत.

शिंपल्यांच्या खिडक्यांचेही त्यांनीच दाखवून दिले. आतले काळोखे दालन नीट दिसावे म्हणून मी प्रकाश वाढवायचो आणि खिडकी पांढरीफटक पडायची. "या खिडक्यांसाठी लोक शिवोली-मयड्यापर्यंत घरे शोधत फिरतात, आणि तुमच्या फोटोत त्या रंग दिलेल्या काचेसारख्या दिसतात," बाईंनी लिहिले. आता मी तिवईवर तीन वेगवेगळ्या उजेडांचे फोटो घेऊन ते जोडतो, आणि खोलीतले पिवळे दिवे आधी बंद करतो. दुधी उजेडात दिव्याचा पिवळा मिसळला की शिंपला शिंपला राहत नाही.

नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान सोसले, तर २०१६ च्या रेरा कायद्यात भरपाईची तरतूद आहे. शंभर वर्षांच्या कौलारू घराच्या व्यवहारात मात्र पहिली साक्ष फोटोचीच असते. हे मी इतरांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

मग मामाचे घर विकायचे ठरले.

सावईवेऱ्याचे ते घर. माझ्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या तिथे गेल्या. वारस पाच, त्यांचे नवरे-बायका धरून सह्या नऊ. त्या जमवण्यातच दोन वर्षे गेली, असो. फोटो अर्थातच मी काढले आणि बाईंकडे पाठवले. बासष्ट फोटो. दोन दिवसांनी निरोप आला : "तुळशीचे अकरा आहेत. विहिरीच्या काठावरच्या दोरखंडाच्या खाचांचे चार. न्हाणीघराचा एकही नाही. राजांगणातून स्वयंपाकघरात कसे जायचे ते कळत नाही. आणि देवघराचा फोटो डावीकडे अर्धाच का कापलाय?"

डावीकडच्या भिंतीला ओल होती. कौले सरकून दोन पावसाळे पाणी मुरले होते, चिऱ्यांवरच्या गिलाव्याला लोणा लागून पोपडे निघाले होते. मी कॅमेरा वळवला होता. खरे सांगायचे तर वळवताना मला ते जाणवलेही नव्हते. लहानपणी त्या भिंतीला टेकून आम्ही भावंडे आरतीला उभी राहायचो. ती तशी दाखवायला हात धजला नाही.

मी चार दिवस उत्तर दिले नाही. रागच आला होता. पाचव्या दिवशी बाईंचा फोन : "ओल लिपयनाकात. गिऱ्हाईक इतक्या लांब येईल, भिंत बघेल, आणि मग तुमच्या तुळशीकडेही संशयाने बघेल."

पुन्हा गेलो. न्हाणीघर काढले, राजांगणातून स्वयंपाकघराकडची वाट दारादारांतून काढली, शेवटी ती भिंत. सकाळचा तिरपा उजेड पोपड्यांवर पडत होता, एकेक पोपडा दिसत होता. मामेबहीण मागे उभी होती. "परक्यांना हे कशाला दाखवतोस रे?" म्हणाली. मी काही बोललो नाही. तुळशीचे दहा फोटो मात्र काढून टाकले.

पावसाळा संपल्यावर पर्वरीचे एक जोडपे घर पाहायला आले. त्या दिवशी प्रथमच मी बाईंबरोबर दारात उभा होतो. ते गृहस्थ थेट देवघरात गेले, भिंतीवर तळहात ठेवला, वर कौलांकडे पाहिले, बायकोला म्हणाले, "फोटोत होती तीच." मग बाईंना विचारले, विहीर कुठल्या बाजूला आहे.