पाणी आल्यानंतरची गोष्ट

गोष्ट कुठून धरायची, हे मला आईच्या जात्यानं शिकवलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण ओव्या शेकड्यानं तोंडपाठ. जात्यावर बसलेली बाई 'मी अमक्या गावी जन्मले' असं म्हणून सुरू करत नाही. लगीन होऊन गेलेलं असतं, माहेर सुटलेलं असतं, हातात खुंटा असतो. तिथनं पहिली ओवी. मग दळता दळता भाऊ येतो, माहेरचं अंगण येतं, वाटेवरची बाभळ येते.

पोथीतही तेच. जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायन महाभारत सांगायला बसतो, तेव्हा पांडव कधीच गेलेले. ऐकणारा अर्जुनाचा पणतू. कोण जिंकलं ते त्याला ठाऊक असतं. त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की भावाभावांत हे झालंच कसं?

आमच्या अण्णांची गोष्ट मी अशीच मधनं सांगतो. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या आधीच आमच्यासारखी काठची गावं उठायला लागली होती. तुळया, चौकटी, पत्रे, आईचं जातं, सगळं बैलगाडीत घालून आम्ही माळावर आलो. पण हे सगळं मागाहून. आधी एवढंच सांगायचं, की नव्या घरात अण्णा पहाटे उठायचे, पायात वहाणा घालायचे आन् मळ्याच्या वाटेनं चालू लागायचे. पाण्याच्या कडेला आले की थांबायचे. मळा पुढंच होता, पाण्याखाली.

इथवर आलं, की ऐकणारा आपणहून विचारतो, "मळ्यात काय काय होतं?" मग विहीर सांगायची, मोट सांगायची, चिंचेखालची बैलांची दावण सांगायची. हेच पहिल्यांदा सांगितलं, तर शहरातला पाव्हणा जांभई देतो. विहिरी काय, गावोगाव असतात. गेलेल्या विहिरीचं मात्र तो पाणी गोड होतं का, हेसुद्धा विचारतो.

पुढं त्याच पाण्यावर मोटारी बसल्या. मुरमाड माळावर ऊस आला. त्या उसावर माझ्या पोरांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. अण्णांनी तो ऊस खुरपला, त्याला पाणी दिलं. पण धरणाच्या पाण्याला ते शेवटपर्यंत 'आपलं' म्हणाले नाहीत. "त्यांचं पाणी चढलं," "त्यांचं पाणी उतरलं," असंच बोलायचे. जुन्या गावाबद्दल याहून जास्त अवाक्षर त्यांनी काढलं नाही. त्यांची सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे, आणि तो शब्द पाणी आल्यानंतरचा आहे.

इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं, की ते उघडं पडतं. आधी शिखर दिसतं, मग खांब, मग पायऱ्या. मागचं सांगायचं तेही असंच, पाणी उतरेल तेवढंच. उरलेलं झाकलेलं राहिलं तरी चालतं. खाली गाव आहे, हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं.