तिच्या वेळेने चालणारी गाडी

ती माझ्या पोटावर उजव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली असते. मोठं आतडं काढावं लागलं, लहान आतड्याचं टोक पोटावर आणलं आणि त्या लाल, ओलसर तोंडावर, म्हणजे स्टोमावर, ही पिशवी बसली. स्टोमाला आवरून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे तिला ‘जरा दम धर’ म्हणून उपयोग नाही. पण ती लपवाछपवीही करत नाही. काय पचलं, काय नाही, पाणी किती कमी पडलं, सगळं ती उघड दाखवते.

मनोर सुटलं, विक्रमगड मागे पडलं आणि जव्हारचा घाट लागला की तिचा स्वभाव कळतो. उन्हाशी तिचं मुळीच जमत नाही. जादा फ्लँज, म्हणजे पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकत्या, डॅशबोर्डवर ठेवल्या तर गोंद ढिला पडतो, म्हणून तिचं सामान सावलीत, हाताशी. सीटबेल्ट स्टोमावर आलेला तिला खपत नाही; तो खाली, ओटीपोटाशी घ्यायचा. एक तृतीयांश भरली की गाडी थांबलीच पाहिजे. ताणलं तर वजनाने वरची कड उचकटते, आणि त्याची वर्दी भोवतालच्या कातडीची आग देते.

तिचं माहेर डेन्मार्क. एलिस सोरेन्सन या परिचारिकेची बहीण ऑपरेशननंतर गळतीच्या धास्तीने घराबाहेर पडेना. तिच्यासाठी एलिसने १९५४ साली अंगाला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. बहिणीच्या मायेतून जन्मलेली वस्तू आहे ही, आणि मला ते दर प्रवासात जाणवतं.

जव्हारला नागलीची भाकरी आणि भात तिला मानवतात, भाकरी नीट चावली तर. पावसाळ्यातले बांबूचे कोंब मात्र मी मोह आवरून बाजूला सारतो. त्यांचा चोथा आतड्याच्या तोंडाशी अडकू शकतो. मोठं आतडं नसल्याने पाणी आणि मीठ झरझर निघून जातं, म्हणून जलसंजीवनीची बाटली सतत जवळ. जव्हारच्या शिरपामाळावर, सुरतेला निघालेले शिवाजी महाराज १६६४ साली जिथे थांबल्याचं सांगतात, तिथे वारा भरपूर, पण पिशवी रिकामी करायला आडोसा कुठून आणायचा?

मोखाड्याच्या अलीकडे कड सुटलीच. रस्त्यालगतच्या घरातल्या मावशींना विचारलं, “नहाणी वापरू का?” त्यांनी हंड्यातलं पाणी बादलीत ओतून दिलं. “सावकाश करा, घाई नाही.” जुनी फ्लँज कातडी दाबून धरत हळूहळू सोलली. भोवताल साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडा केला. नव्या फ्लँजचं भोक स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटर मोठं कापलं आणि ती बसवून वर तळहात दाबून धरला. हाताच्या उबेने गोंद धरतो. जुनी पिशवी दोन पिशव्यांत बांधून गाडीत परत घेतली. कुणाच्या परसात ती टाकायची नाही.

मी हौसेने आलो, स्वतःच्या गाडीने. मोखाड्याहून नाशिकला किंवा मुंबईला एसटीने तपासणीला जाणाऱ्या माणसाच्या पोटावरही हीच असते, आणि भरल्या गाडीत कंडक्टरला थांबवायला सांगणं त्याला किती जड जात असेल! तिच्या मागण्या थोड्या आहेत. स्टँडवर आतून कडी लागणारं दार, पाण्याचा नळ, सामान अडकवायला खुंटी, झाकणाची कचरापेटी. एवढं जव्हारला आणि मोखाड्याला व्हायला हवं, आणि ते रस्ता रुंद करण्याच्या आधी व्हायला हवं.