अण्णांची सही

कागलात जुनी गाडी शोधायला निघालं की बऱ्याच गाड्या कर्नाटक पासिंगच्या निघतात. निपाणी इथून वीसेक किलोमीटरवर. मध्ये दूधगंगेचा पूल आणि कोगनोळीचा टोलनाका. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं इकडचं तिकडे चालतं, त्यामुळे केए 23ची गाडी आमच्या गल्लीत कुणाला परकी वाटत नाही. भावही कमी सांगतात. पण त्या कमी भावात महाराष्ट्राचा कर, एनओसी आणि नवा नंबर धरलेला नसतो.

आईला दवाखान्यासाठी वरचेवर कोल्हापूरला न्यावं लागत होतं आणि एसटीची चढ-उतार तिला झेपेना. एका एजंटाने निपाणीची एक वॅगनआर दाखवली. एका हाताची, कमी चाललेली, शाळामास्तरांनी वापरलेली. मी पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. इंजिनातलं मला फार कळत नाही, ते चुलतभावाने बघितलं. मी आरसी हातात घेतली. मालक म्हणून मास्तरांचं नाव, खाली बँकेचा बोजा. आणि मास्तर, म्हणजे घरचे अण्णा, वर्षापूर्वी वारलेले.

"टीटी फॉर्म तयार हाईत," एजंट म्हणाला. "सहीचं काय, आमचा पोरगा बघून हुबेहूब मारतो."

"अहो, ते नाहीत ना आता."

"म्हणूनच सोपं हाय की. नाहीतर आधी वारसाच्या नावावर करा, मग एनओसी, मग तुमच्या नावावर... चप्पल झिजंल ताई."

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, आत चहा ओतत होत्या. बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी हजेरीपटावर कधी खाडाखोड केली नाही. ह्यांच्या नावाची खोटी सही माझ्या घरातून जायची नाही."

मलाही गाडी तशी नकोच होती. टीटी फॉर्म म्हणजे 29 आणि 30. फॉर्म 29 म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली खबर, फॉर्म 30 म्हणजे दोघांनी मिळून केलेला हस्तांतराचा अर्ज. या दोन्हींवरची सही खोटी असली तर पुढे त्या गाडीचं माझ्याकडे काय उरतं? बाजारात कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात, तारीख टाकत नाहीत, आणि त्याच कागदावर गाडी तीन-तीन हातांतून फिरते. आरटीओच्या लेखी ती पहिल्याच माणसाची राहते.

काकूंच्या मुलाला मात्र फोनवर हे सगळं उगाच वाढवलेलं वाटत होतं. गाडी दिली, पैसे घेतले, आता आमचा काय संबंध, असं त्याचं म्हणणं. मी त्याला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018चा निकाल सांगितला. त्यातली गाडी मूळ मालकाने 2007मध्ये विकली होती. पुढे ती हातोहात गेली, नोंदणीवरचं नाव मात्र तेच राहिलं. 2009मध्ये अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी विकून मोकळा झालेला माणूस कायद्याने मोकळा झालेला नव्हता. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, काय काय लागेल ते लिहून पाठवा."

मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, असं मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात. दुःखात हे कुणाला सुचतं? काकूंची मुदत उलटून गेली होती, उशिराचा दंड भरावा लागला. मृत्यूचा दाखला घरात होता. वारस दाखवायला वंशवृक्षाचा कागद नाडकचेरीतून, म्हणजे तिकडच्या महसूल कार्यालयातून, काढावा लागला. तो आला कन्नडमध्ये. काकूंचं सगळं शिक्षण मराठीतलं, त्यांनी शेजारच्या मुलीकडून तो दोनदा वाचून घेतला आणि अण्णांचं नाव बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच फाईलला लावला.

बोज्याचं वेगळंच. कर्ज अण्णांनी हयातीतच फेडलं होतं, बँकेचं पत्रही होतं, पण त्या पत्राची मुदत संपलेली. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप उतरतो अशी पुष्कळांची समजूत असते. तो फॉर्म 35 देऊन उतरवावा लागतो. बँकेकडून नवं पत्र घेतलं.

निपाणीच्या गाड्यांचं आरटीओ चिक्कोडीला. तिथला अर्ज भरताना ओटीपी येईना. काकूंच्या आधारला जोडलेला नंबर अण्णांचा होता. ते सिम काकूंनी चालू ठेवलं होतं, कपाटात एका जुन्या फोनमध्ये. दर महिन्याला रिचार्ज करत होत्या. फोन चार्ज करून सुरू केल्यावर ओटीपी आला आणि त्याच्यामागून कितीतरी न वाचलेले मेसेज. काकूंनी ते त्या दिवशी उघडले नाहीत. आम्हीही घाई केली नाही.

गाडी काकूंच्या नावावर होईपर्यंत मी ती निपाणीतच ठेवली. विसार दिला होता, तो पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून. उरलेली रक्कम कधी द्यायची, गाडीचा ताबा कोणत्या तारखेला किती वाजता, हेही त्यातच. वेळ लिहिण्याचा आग्रह माझा. त्या दुपारी गाडीने कुणाला धडक दिली किंवा सिग्नल तोडला, तर त्या घटकेला ती कुणाच्या हातात होती ते कागदावर असावं. जुनी ई-चलनंही आधीच बघून भरून टाकली, ती थकलेली असली की पुढचं काम अडतं.

मग फॉर्म 28, म्हणजे चिक्कोडीहून कोल्हापूरसाठीची एनओसी. चोरीच्या गाड्यांच्या यादीत आपली गाडी नाही, याची पडताळणीही जोडली. कोल्हापुरात फॉर्म 27 नव्या नंबरसाठी, त्यासोबत 29 आणि 30, या वेळी काकूंच्या खऱ्या सहीचे. चासीचा पेन्सिलीने घेतलेला ठसा इन्स्पेक्टरांनी गाडीवरच्या नंबराशी ताडून बघितला. गाडीचं वय धरून महाराष्ट्राचा कर भरला. तो आकडा मी सौद्याआधीच काढून ठेवला होता, त्यामुळे भावावरून काकूंशी पुन्हा बोलावं लागलं नाही. कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण त्याला दुसऱ्या राज्यातली नवी नोंदणी दाखवावी लागते. कर अण्णांनी भरलेला, तेव्हा तो पैसा काकूंचा, हे मी करारातच लिहिलं.

विम्याकडे लोक फार उशिरा बघतात. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, आपल्या गाडीच्या नुकसानीचं तसं येत नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. नो क्लेम बोनस मिळवणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही. मी फरक भरला.

आता फास्टॅग राहिला होता. एका गाडीला एकच चालतो, जुना बंद झाल्याशिवाय नवा नीट लागत नाही. तो अण्णांच्या खात्यावर होता, थोडी रक्कम शिल्लक. मुलाने निपाणीला येऊन तो बंद करून घेतला आणि शिल्लक काकूंच्या खात्यात वळवली.

एमएच 09ची आरसी टपालाने आली तेव्हा तिची एक प्रत मी काकूंना नेऊन दिली. त्यांनी ती कराराच्या कागदाबरोबर अण्णांच्या फाईलला लावली. परताव्याचा अर्ज त्यांनी लगेच तिथेच माझ्याकडून भरून घेतला, आणि सही करण्याआधी प्रत्येक रकाना मला मोठ्याने वाचायला लावला.